ओरिजिनल की लायसन्स्ड? एका गिटारच्या ब्रिजची गोष्ट

गॅदरिंगला आठ दिवस उरले होते. होस्टेलच्या टेरेसवर आमची प्रॅक्टिस चालू होती. आमच्या लीड गिटारिस्टने नाव न छापण्याच्या अटीवर हा लेख लिहायला परवानगी दिली आहे, म्हणून त्याला आपण पाटील म्हणू. (होस्टेलमध्ये पाटील काही कमी नाहीत, त्यामुळे तो सुरक्षित आहे!) पाटलाने सोलोमध्ये ब्रिजचा दांडा खाली दाबला, सूर पार पाताळात गेला, टाळ्या पडल्या. दांडा सोडला आणि पुढची कॉर्ड वाजवली, तर सगळी गिटार बेसूर. पुन्हा लावली. पुन्हा दांडा, पुन्हा तेच.

"लायसन्स्ड ब्रिज आहे रे माझा. ओरिजिनल पाहिजे, त्याशिवाय काही खरं नाही," पाटील म्हणाला. आता ओरिजिनलची किंमत म्हणजे त्याच्या सेकंडहँड गिटारच्या निम्म्याहून जास्त. आणि हातात असलेले पैसे मेससाठी घरून आलेले. तरी गडी ऑर्डर द्यायला निघाला होता. मी तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत इनप्लांट ट्रेनिंग करत होतो. मी म्हटलं, "दोन दिवस थांब. पैसे घालवायच्या आधी निदान बिघाड कुठे आहे ते तरी बघू." त्या दोन दिवसांत जे कळलं, ते इथे मांडतो.

हा ब्रिज करतो काय?

साध्या गिटारचा ब्रिज जागेवर घट्ट असतो. लॉकिंग ट्रेमोलोचा ब्रिज तरंगता असतो. बॉडीत दोन पोलादी खुंट बसवलेले असतात. त्यांच्या खाचेत ब्रिजच्या प्लेटच्या दोन धारदार कडा टेकतात. त्यांना नाइफ एज म्हणतात. हुपरीच्या चांदीवाल्याकडचा जुना तराजू आठवा. त्याची दांडी जशी एका बारीक धारेवर तोललेली असते, तसाच हा प्रकार. वरून सहा तारा ब्रिजला पुढे ओढतात, खालून बॉडीच्या पोकळीतल्या स्प्रिंगा ब्लॉकला ओढतात. दोन्हींचा मोमेंट सारखा झाला की ब्रिज स्थिर. दांडा दाबला की ब्रिज कलतो, तारा सैल होतात, सूर उतरतो. खरं तर याला व्हायब्रेटो म्हणायला हवं, कारण ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा करणं. पण चुकीचंच नाव रूढ झालं आहे. असो.

लॉकिंग कशासाठी? तार नटवर आणि खुंट्यांवर सरकते आणि परत आपल्या जागी येत नाही, ही जुनी डोकेदुखी होती. अमेरिकेतल्या फ्लॉइड रोझ या गिटारवादकाने तार दोन्ही टोकांना चिमट्यात पकडून टाकायची युक्ती काढली. त्याला १९७९ साली पेटंट मिळालं. एडी व्हॅन हेलनसारख्यांनी तो ब्रिज वापरला आणि मग ऐंशीच्या दशकात ज्याला त्याला तोच हवा झाला. तारा घट्ट पकडल्यावर पुढे सुचलं ते ब्रिजवरचे फाइन ट्यूनर, कारण नट लॉक केल्यावर वरच्या खुंट्या निरुपयोगी होतात.

लायसन्स म्हणजे काय?

इथेच आपली पहिली गल्लत होते. 'ओरिजिनल' म्हणजे रोझच्या स्वतःच्या नावाने विकला जाणारा ब्रिज, जो जर्मनीतल्या शॅलर कंपनीने बनवून दिला. 'लायसन्स्ड' म्हणजे दुसऱ्या कंपनीने पेटंटची फी भरून, परवानगी घेऊन बनवलेला. लायसन्स हे कल्पना वापरण्याचं होतं. धातू कुठला वापरायचा, तो कडक किती करायचा, याची हमी त्या शिक्क्यात नाही. पहिल्या पेटंटची मुदत तर केव्हाच संपली आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. बजाजने पियाजिओच्या परवान्याखाली व्हेस्पा बनवली. तो करार १९७१ ला संपल्यावर १९७२ पासून चेतक आली. परवान्यावर बनलेली म्हणून ती स्कूटर कुणी टाकाऊ म्हटली नाही. ब्रिजचंही तसंच आहे. जपानच्या गोटोहचे किंवा इबानेझचे एज मालिकेतले ब्रिज परवान्याखालीच आले, पण वादक त्यांना ओरिजिनलच्या बरोबरीने मान देतात. दुसरीकडे त्याच शिक्क्याखाली स्वस्त गिटारवर बसलेले मऊ धातूचे ब्रिजही ढिगाने आले. आणि गंमत म्हणजे, फ्लॉइड रोझ नावाने जी 'स्पेशल' मालिका मिळते, तिच्यात सॅडल आणि ब्लॉक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. म्हणजे नाव वाचून निर्णय घेणं दोन्हीकडून धोक्याचं.

फौंड्रीतली कानस

दुसऱ्या दिवशी मी पाटलाचा ब्रिज रुमालात गुंडाळून फौंड्रीत नेला. जेवणाच्या सुट्टीत फेटलिंगच्या मामांना दाखवला. मामांनी आधी चुंबक लावला. प्लेटला चिकटला नाही. मग प्लेटच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला कानस एकदा ओढली. कानस चावली, काळ्या मुलाम्याखालून पांढुरका धातू चमकला. तीच कानस खुंटावर ओढली, तर नुसती घसरली.

"ह्ये पोलाद न्हाई बाळा, जस्ताची वतीव हाय," मामा म्हणाले. "खुंट कडक आन् पात मऊ. मग पात खानारच की मार!"

क्वालिटीच्या टेबलावर भिंगाखाली धार पाहिली. धार कसली, मधोमध खाच पडून कडा गोल झाली होती. सेकंड इयरला मटेरियल सायन्समध्ये घोकलेलं सगळं त्या भिंगाखाली दिसत होतं. जस्ताच्या झामॅक ३ या नेहमीच्या मिश्रधातूत सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असतं. त्याची कठीणता ब्रिनेलमध्ये सुमारे ८०. कडक केलेलं पोलाद ५० रॉकवेल सी धरलं, तरी ब्रिनेलमध्ये ते पावणेपाचशेच्या आसपास जातं. शिवाय झामॅक ३८५ अंश सेल्सिअसच्या जवळ वितळतो, म्हणजे सुमारे ६५५ केल्विन. खोलीचं तापमान ३०० केल्विन. गुणोत्तर ०.४६. साधारण ०.४ च्या वर क्रीप जाणवू लागतो हे आपण शिकलोच आहोत. पोलादाचं हेच गुणोत्तर ०.१७ भरतं. म्हणजे गिटार नुसती कोपऱ्यात उभी असली तरी त्या धारेवर सतत भार असतो आणि जस्त हळूहळू दबत राहतं. पोलादासारखं ते तापवून-बुडवून कडकही करता येत नाही.

थोडं गणित

भार किती? ०९ ते ४२ च्या संचातल्या सहा तारांचा नेहमीच्या ट्यूनिंगला एकूण ताण सुमारे ३८ किलो. उदाहरणासाठी धरू की तारा धारेच्या १२ मिमी वर आहेत आणि स्प्रिंगा ३६ मिमी खाली. मग मोमेंट जुळायला स्प्रिंगांचा ताण ३८ × १२ ÷ ३६, म्हणजे जवळजवळ १३ किलो. दोन्ही ताण मानेच्याच दिशेने ओढतात, त्यामुळे धारांवर बेरीज येते: ५१ किलो. प्रत्येक धारेवर पंचवीस किलो, आणि टेकायला जागा केसाएवढी!

आता धार गोल झाली, की ब्रिज प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या बिंदूवर टेकतो. समजा तो बिंदू ०.०५ मिमी खाली सरकला. वरची भुजा वाढली, खालची कमी झाली. स्प्रिंगचा ताण तेवढाच धरला, तर तारांचा ताण ०.५६ टक्के घटतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून सूर ०.२८ टक्के उतरतो. एका अर्ध्या सुराचे १०० सेंट धरतात, त्यातले हे जवळजवळ ५ सेंट. तयार कानाला ते टोचतात. आणि उतरतात त्या सगळ्या तारा एकदम. पाटलाची तक्रार नेमकी हीच होती.

म्हणजे पाटलाचं निदान निम्मं बरोबर होतं. दोष ब्रिजमध्येच होता, पण 'लायसन्स्ड' या शब्दात नव्हता. तो मऊ धारेत होता.

मग घ्यायचा कोणता?

सेकंडहँड गिटार घेणाऱ्या मित्रांनो, एवढं तरी तपासा. एक, खिशात चुंबक ठेवा. प्लेटला चांगला चिकटला नाही तर जस्त समजा. चिकटला म्हणजे पोलाद, पण ते कडक असेलच असं नाही. दोन, भिंगातून धार पाहा. खाच दिसली तर किंमत पाडा किंवा सोडून द्या. तीन, खुंट लाकडात हलतो का ते बघा. तिथे हलत असेल तर ओरिजिनल बसवूनही उपयोग नाही. चार, ब्रिजची उंची कमीजास्त करताना आधी तारा सैल करा. पूर्ण ताणावर खुंट फिरवला की चांगली धारसुद्धा खरवडते. नवा घ्यायचाच असेल तर ओरिजिनल, किंवा कडक पोलादी प्लेटचा चांगला लायसन्स्ड, दोन्ही चालतात. आणि जो ब्रिज फारसा वापरणारच नाही, त्यासाठी मेस बंद करू नका.

पाटलाचं काय झालं? मी हे सगळं सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे दांडा दाबायचाच नाही?" मी पॅटर्न शॉपमधून सागवानाचे दोन तुकडे मागून आणले होते. तिथल्या मिस्त्रींनी ते मापात तासून दिले. ब्लॉकच्या पुढे-मागे ते ठोकून बसवले आणि तरंगता ब्रिज स्थिर झाला. धार हललीच नाही तर सूर कशाला हलेल? गॅदरिंगला गिटार शेवटपर्यंत सुरात राहिली. सोलोमध्ये पाटलाचा हात सवयीने दोनदा दांड्याकडे गेला आणि दोनदा रिकामा परत आला. ते फक्त आम्हाला बँडवाल्यांना दिसलं.

मेसचे पैसे मेसमध्ये भरले गेले. पाटील म्हणतो, पहिल्या पगारात ब्रिज घेणार. कुठला, ते आता तो चुंबक घेऊन ठरवेल.