आवाजाआधी कान

आजचं वाचन: १ इतिहास २५:१-८, २ इतिहास ५:११-१४, १ करिंथ १२:१४-२६



"देव तर हृदय पाहतो ना? मग देवाच्या घरात ऑडिशन कशाला?"

आमच्या मंडळीच्या तरुण गायकवृंदाची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. नाताळसाठी गॉस्पेल कॉयर उभी करायची असते. चाळीस जण नावं देतात. त्यातले बरेच जण एकट्याने छान गातात. कुणी शास्त्रीय शिकलेलं असतं, कुणी कॉलेजच्या बँडमध्ये गातं, कुणाच्या रील्सना भरपूर लाइक्स असतात. तरीही सगळ्यांना एकत्र उभं केलं की पहिल्या दिवशी जे ऐकू येतं, ते गाणं नसतं. चाळीस सोलो एकाच वेळी चाललेले असतात.

म्हणून प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर वचनातच शोधायला हवं.

१ इतिहास २५ हा अध्याय आपण बहुतेक वेळा नावांची यादी म्हणून ओलांडून जातो. आज थांबून वाचा. दावीद राजा मंदिराच्या सेवेसाठी गाणारे नेमतो. आसाफ, हेमान आणि यदूथून यांची घराणी. सगळे मिळून २८८ जण, आणि वचन स्पष्ट सांगतं की हे सगळे परमेश्वराच्या गायनात शिकून तयार झालेले होते. म्हणजे तयारी विचारली गेली होती. 'भाव आहे ना, मग पुरे' असं दावीद म्हणाला नाही. स्तोत्र ३३ मध्येही कुशलतेनं वाजवायला सांगितलंच आहे.

पण पुढचीच ओळ पाहा. सेवेचा क्रम ठरवायला त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता. २४ चिठ्ठ्या, प्रत्येक गटात १२ जण. सर्वांत अनुभवी गायकाला पहिला मान, नवख्याला शेवटचा, असं काही नाही.

या दोन गोष्टी एकत्र धरा. तयारी सगळ्यांकडून हवी, पण मानाची जागा कुणाचीच राखीव नाही. माझ्या मते कॉयरच्या ऑडिशनचं सगळं तत्त्व इथेच आहे.

शिकागोची एक बाई

आपण ज्याला गॉस्पेल कॉयर म्हणतो, तिची घडण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांमध्ये झाली. थॉमस डोर्सी हे आधी ब्लूज वाजवणारे पियानोवादक. १९३२ साली ते शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये गॉस्पेल गायकवृंद चालवू लागले. त्याच वर्षी बाळंतपणात त्यांची पत्नी गेली आणि नवजात बाळही गेलं. त्या दुःखातून त्यांनी लिहिलेलं 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' आज जगभर गायलं जातं.

त्यांच्याकडे सॅली मार्टिन नावाची एक बाई ऑडिशनला आली. तिचा आवाज खरखरीत, गाण्याची पद्धत रांगडी. डोर्सींना तो फारसा पसंत पडला नाही. तिने पुन्हा पुन्हा ऑडिशन दिली, तेव्हा कुठे १९३२ मध्ये तिला जागा मिळाली. पुढे तिने काय केलं? डोर्सींच्या गाण्यांच्या विक्रीचा विस्कळीत कारभार तिने मार्गी लावला. गावोगाव फिरून मंडळ्यांमध्ये गायकवृंद उभे केले. गॉस्पेल गायकवृंदांचं राष्ट्रीय अधिवेशन उभारण्यात तिचा मोठा हात होता. १९४० मध्ये केनेथ मॉरिस यांच्याबरोबर तिने स्वतःची संगीत प्रकाशन संस्था काढली. गॉस्पेलची आई म्हणून लोक तिला ओळखू लागले.

पहिल्या पाच मिनिटांत आवाज ऐकू येतो. माणूस मात्र पाच मिनिटांत कळत नाही. ऑडिशन घेणाऱ्याने हे मनात ठेवलेलं बरं.

मी काय ऐकते

आमच्याकडे ऑडिशनला तीन गोष्टी असतात.

पहिली: तुमच्या आवडीचं एक कडवं. इथे मी फक्त आवाजाचा पल्ला पाहते. वर किती सहज जातो, खाली कुठे विरतो.

दुसरी: मी चार सूर गुणगुणते, तुम्ही ते तसेच परत द्यायचे. गॉस्पेल परंपरेत गाणी बरीचशी कानानेच शिकवली जातात, आपल्या भजनांसारखीच. म्हणून कागद वाचता येतो की नाही यापेक्षा ऐकलेलं धरता येतं का, हे जास्त महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट खरी परीक्षा. दोन जणांना शेजारी उभं करून एकच ओळ गायला लावायची. मग तिसऱ्याने वेगळा सूर धरायचा. आता कळतं कोण शेजाऱ्याला ऐकतंय आणि कोण फक्त स्वतःला. काही जण ताबडतोब आवाज चढवतात. काही जण पहिल्या ओळीत चाचपडतात, दुसऱ्या ओळीत शेजाऱ्याजवळ येतात. मला हे दुसरे हवे असतात. ज्याला ऐकता येतं त्याला गायला शिकवता येतं. उलटं फार अवघड आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते, ती समजून घ्या. आपल्या संगीतात प्रत्येक गायकाचा 'सा' स्वतःचा. 'माझी पट्टी काळी पाच', 'माझी पांढरी चार' असं आपण सहज म्हणतो आणि पेटीवाला तिथून सुरू करतो. कॉयरमध्ये पट्टी गाण्याची असते, गाणाऱ्याची नाही. गॉस्पेलमध्ये बहुतेक वेळा तीन आवाज: सोप्रानो, आल्टो, टेनर. सोप्रानोला चाल मिळते. आल्टोला पुष्कळदा दोन-तीन सुरांतच फिरावं लागतं, घरी एकटीने गायलं तर गाणं ओळखूही येणार नाही. आयुष्यभर स्वतःच्या 'सा' वर गाणाऱ्याला हे सोपं नसतं.

आवाज मिसळतात कसे

मिसळणं म्हणजे सगळ्यांनी हळू गाणं नाही. त्यासाठी लहान लहान कामं असतात.

स्वर जुळवणं. 'हालेलूया' मधला 'आ' कुणी ओठ पसरून गातं, कुणी तोंड गोल करून. सूर एकच असला तरी कानाला दोन वाटतात. म्हणून अर्धा तास नुसता 'आ' आणि 'ऊ'. मुलं कंटाळतात, पण इथेच अर्धं काम होतं.

शब्दाचा शेवट. 'ख्रिस्त' मधला 'स्त' चाळीस जणांनी चाळीस वेळा सोडला तर फटाक्यांची माळ वाजल्यासारखं होतं. कुठे सोडायचा ते आधी ठरवायचं.

श्वास. लांब ओळीत सगळ्यांनी एकाच ठिकाणी श्वास घेतला तर ओळ तुटते. म्हणून शेजाऱ्याचा श्वास संपत असेल तेव्हा तुम्ही धरायचं, तुमचा संपेल तेव्हा तो धरेल. हे मला स्वतःला फार आवडतं. एकमेकांची ओझी वाहा, असं पौल गलतीकरांना लिहितो. तालमीत त्याचा अर्थ अगदी शब्दशः कळतो.

हरकती. मुरकी, मींड, आवाज हलवणं हे सोलोचं सौंदर्य. समूहात प्रत्येकाची मुरकी वेगळी पडते आणि सूर गढूळ होतो. म्हणून समूहात सरळ सूर.

टाळी. आपल्या भजनी ठेक्यात हात आपोआप समेवर पडतो. गॉस्पेलची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिले दोन आठवडे हसाहशी होते, मग अंगात बसते.

आणि उभं राहण्याची जागा. मी माणसं हलवत राहते. एक धारदार आवाज दोन मऊ आवाजांच्या मध्ये ठेवला की तिघंही छान ऐकू येतात. आवाज कुणाचाच बदललेला नसतो, शेजार बदललेला असतो.

नियम एकच सांगते: शेजारचा ऐकू येत नसेल तर तुम्ही जास्त मोठ्याने गाताय.

"मग माझ्या आवाजाचं काय?"

एका वर्षी एक मुलगी आली. दहा वर्षं शिकलेली, स्पर्धांतून बक्षिसं मिळवलेली. मी तिला आल्टोत उभं केलं. तिसऱ्या तालमीनंतर ती मागे थांबली आणि म्हणाली, "ताई, देवानेच दिलाय ना हा आवाज? मग तो लपवायचा कशासाठी?"

या प्रश्नाला मी 'नम्र हो' एवढंच उत्तर देऊ शकत नव्हते. दान लपवणं म्हणजे नम्रता नव्हे. प्रभूच्या दाखल्यात पैसा जमिनीत पुरणाऱ्याला शाबासकी मिळाली नाही.

१ करिंथ १२ मध्ये पौल जे म्हणतो ते नीट पाहा. सगळं शरीर डोळा असतं तर ऐकणार कोण? डोळ्याने डोळा असणं सोडावं, असं तो म्हणत नाही. त्याने शरीरात असावं, असं म्हणतो. शरीराबाहेर काढलेला डोळा कितीही सुंदर असला तरी त्याला काही दिसत नाही.

मी तिला म्हटलं, पुढच्या तालमीत तू एक ओळ गाऊ नकोस, फक्त ऐक. तिने ऐकलं. त्या ओळीत आल्टो विरला आणि सगळं गाणं पोकळ झालं. श्रोत्यांपैकी कुणालाही नेमकं काय कमी झालं ते सांगता आलं नसतं, पण कमी झालं हे सगळ्यांना जाणवलं असतं. तिचा आवाज लपलेला नव्हता. इतरांचे आवाज त्याच्यावर उभे होते.

आणि गॉस्पेल सोलोला हाकलून देत नाही, हेही लक्षात घ्या. एक जण पुढे होऊन साक्ष दिल्यासारखं गातो, मागून समूह उत्तर देतो. पोवाड्यात शाहिराला झीलकरी साथ देतात, तसं. महालिया जॅक्सनसारखी गायिकाही शिकागोच्या ग्रेटर सेलम बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदात गायलेली आहे. गॉस्पेलमधला सोलो समूहातून वर येतो आणि कडवं संपलं की समूहात परततो. परत यायला जमतं, त्याला मी पुढे पाठवते.

ज्यांना 'आत्ता नाही' म्हणावं लागतं

हा भाग जड आहे. एखाद्या स्पर्धेत नाकारलं गेलं तर मुलं घरी जाऊन दुसरी स्पर्धा शोधतात. मंडळीत नाकारलं गेलं तर त्यांना वाटतं, देवानेच नाकारलं. काही जण रविवारी यायचेही थांबतात. म्हणून मी मेसेज पाठवून 'नाही' सांगत नाही. समोर बसून सांगते, आणि तीन गोष्टी वेगळ्या करून सांगते. उपासनेत गाणं हा तुझा हक्क आहे, त्याला ऑडिशन नाही. गायकवृंद ही एक सेवा आहे, तिला तयारी लागते. आणि तयारी होऊ शकते.

सूर न लागणारे बरेच जण बेसूर नसतात, त्यांनी कान देऊन ऐकायचा सराव केलेला नसतो. एका सुरावर मी थांबते, ते गुणगुणत हळूहळू तिथे येतात. सूर सापडला की चेहऱ्यावरच कळतं. असे दोघं-तिघं आज टेनरमध्ये आहेत.

मेघ केव्हा आला

२ इतिहास ५ मध्ये शलमोनाच्या मंदिरात कराराचा कोश आणला जातो. आधी सगळे याजक स्वतःला पवित्र करतात, आपापल्या वर्गांचा क्रम बाजूला ठेवून. मग १२० याजक कर्णे घेऊन उभे राहतात. तागाची वस्त्रं घातलेले लेवी गायक झांजा, सतारी, वीणा घेऊन. १२० कर्णे! त्यांच्यात माणसाचा आवाज ऐकू येणं म्हणजे काय हे ज्याने एकदा साउंड चेक केलाय त्याला विचारा. तरीही वाजवणारे आणि गाणारे असे एक झाले की एकच नाद ऐकू आला. परमेश्वर चांगला आहे, त्याची दया सर्वकाळची आहे, एवढंच ते गात होते.

आणि मंदिर मेघाने भरलं. याजकांना सेवेला उभंही राहता येईना.

कोण किती चांगलं गायलं, हे वचनात नोंदलेलं नाही. त्या दिवशी सोलो कुणी केला, तेही नाही. लक्षात राहिलं ते परमेश्वराचं तेज. चांगल्या गायकवृंदाने हेच करायचं असतं: लोकांनी घरी जाताना आपली आठवण न काढता त्याची काढावी.

या आठवड्यासाठी

तुम्ही गात नसाल तरी हा धडा तुमचा आहे. ऑफिसच्या टीममध्ये, घरात, सेल ग्रुपमध्ये आपण सगळे आपापल्या पट्टीत गात असतो. स्वतःला विचारा:

१. माझ्या शेजारच्याचा आवाज मला शेवटचा नीट कधी ऐकू आला?
२. मला मिळालेली जागा आल्टोची असेल तर ती मी मनापासून धरतो का?
३. कुणाचा श्वास संपत आलाय, आणि मी थोडा वेळ सूर धरू शकतो का?

प्रार्थना

हे प्रभू, आवाज तू दिलास, त्याबद्दल आभार. आता कानही दे. माझ्या शेजारी तू ज्याला उभं केलं आहेस, त्याला मला ऐकू दे. पुढे पाठवशील तेव्हा भीती नको, मागे बोलावशील तेव्हा रुसवा नको. आमच्या सगळ्यांतून एकच नाद तुझ्यापर्यंत येऊ दे. येशूच्या नावात मागतो, आमेन.