जुने खेळ आणि नवा कंपायलर

संगणकाच्या पडद्यावर रंगीत चित्रें हालूं लागण्यापूर्वीं खेळ हे केवळ अक्षरांचे असत. १९८० सालच्या सुमारास मायकेल टॉय व ग्लेन विकमन ह्या दोन अमेरिकन विद्यार्थ्यांनीं ‘रोग’ नांवाचा खेळ रचिला. त्यांत भुयारांतून हिंडणारा वीर म्हणजे एक लहानसें चिन्ह, आणि त्याच्यावर चालून येणारे राक्षस म्हणजे इंग्रजीचीं सव्वीस अक्षरें. पडद्यावर हव्या त्या जागीं हवें तें अक्षर उमटविण्यासाठीं केन अर्नोल्ड यांचा ‘कर्सेस’ हा फंक्शनसंग्रह त्यांनीं वापरला; पुढें अर्नोल्डही त्या कामांत सामील झाले. असे कित्येक टर्मिनल-खेळ सी भाषेंत लिहिलेले असून त्यांचा मूळ मजकूर आज कोणासही वाचावयास मिळतो.

शहापूर व मुरबाड ह्या आमच्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांस ह्या खेळांचें विशेष अगत्य वाटावें. त्यांस भारी यंत्र लागत नाहीं. शाळेंतील जुना संगणकही पुरतो. शिवाय खेळ ज्यानें लिहिला त्याची विचारसरणी ओळीओळींतून वाचतां येते. परंतु असा मजकूर आजच्या कंपायलरपुढें ठेवला कीं दोषांची लांबलचक यादी पडद्यावर येते, आणि विद्यार्थी म्हणतो, ‘हा प्रोग्रॅम बिघडलेला आहे.’ हें म्हणणें बरोबर नव्हे. तें कां, हेंच आज आम्ही सांगणार आहों.

आमच्याकडील भातशेती ज्यानें पाहिली आहे त्यास ही गोष्ट सहज उमजेल. दोन शेतांमधला बांध कोणाचा, हें दोन्ही घरांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतें. कागद मात्र केलेला नसतो. पुढें मोजणीदार येतो व विचारतो, ‘हें कोठें लिहिलें आहे?’ शेत तेंच, बांध तोच, खोटेपणा कोणाचाच नाहीं. परंतु जें तोंडी होतें तें आतां लेखी द्यावें लागतें. सी भाषेचेंही तसेंच झालें. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास घडविलेल्या ह्या भाषेंत पुष्कळ गोष्टी न बोलतां समजून घेतल्या जात. फंक्शन कोणत्या प्रकारचें उत्तर देतें हें सांगितलें नाहीं, तर तें पूर्णांक देतें असें कंपायलर धरून चाले. १९९९ च्या प्रमाणसंहितेंत ही सवलत काढून टाकण्यांत आली. तरी कंपायलर बरींच वर्षें नुसती सूचना देऊन काम पुढें नेत. २०२४ सालीं निघालेल्या जीसीसीच्या १४ व्या आवृत्तीनें मात्र त्यास सरळ दोष ठरविलें.

आतां दुरुस्तीची रीत पाहूं. प्रथम मूळ मजकुराची एक प्रत अलग ठेवावी व तिला हात लावूं नये. मग यादींतील पहिलाच दोष वाचावा. पुष्कळदां खालचे वीस दोष त्या एकाच्याच पोटीं जन्मलेले असतात. एक दोष काढावा, पुन्हां कंपाइल करावें, आणि काय बदललें तें वहींत टिपून ठेवावें.

नेहमीं भेटणारे दोष मोजकेच आहेत. पहिला, घोषणेवांचून वापरलेलें फंक्शन. तें प्रमाणसंग्रहांतील असेल तर योग्य ती हेडर फाइल जोडावी. खेळाचें स्वतःचें असेल तर त्याची पूर्ण घोषणा खेळाच्याच हेडरमध्यें लिहावी. दुसरा, नांवांची टक्कर. जुन्या ग्रंथकारांनीं ‘गेटलाइन’ नांवाचें आपलें फंक्शन खुशाल लिहिलें; २००८ च्या पॉझिक्स संहितेनें तेंच नांव प्रमाणसंग्रहास दिलें. अशा ठिकाणीं खेळांतील नांव सर्वत्र बदलावें. तिसरा, एकच चल अनेक फाइलींत जन्मणें. हेडरमध्यें नुसता ‘इंट स्कोअर’ लिहिला कीं ती हेडर घेणारी प्रत्येक फाइल आपापला स्कोअर निर्माण करिते. पूर्वीं लिंकर ते सगळे मुकाट्यानें एक करी. २०२० च्या जीसीसी १० पासून तसें होत नाहीं. हेडरमध्यें ‘एक्स्टर्न’ लिहून खरी व्याख्या एकाच फाइलींत ठेवावी. चौथा, रिकामे कंस. त्यांचा जुना अर्थ ‘कांहीं सांगितलें नाहीं’ असा होता. सी-२३ मध्यें तो ‘कांहींच घेत नाहीं’ असा झाला, आणि २०२५ ची जीसीसी १५ आपण होऊन हाच अर्थ धरते. ‘बूल’ हाही आतां भाषेचाच शब्द झाल्यामुळें खेळानें त्याची केलेली व्याख्या अडखळते. पांचवा दोष लिंकरचा: एनकर्सेसचें नांव आज्ञेंत खेळाच्या फाइलींच्या नंतर यावें, आधीं नव्हे.

महाराष्ट्रांतील वाचकांस आणखी एक अडचण ओळखीची वाटेल. येथील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकल्या. त्यांचे सापाचे खेळ ‘कोनिओ’ हेडरवर उभे आहेत, आणि लिनक्सवर ती हेडर नसते. तेथें एनकर्सेस वापरावें. पण नुसतीं नांवें बदलून भागत नाहीं. ‘गोटोएक्सवाय’ आधीं स्तंभ, मग ओळ घेतें व १ पासून मोजतें. ‘मूव्ह’ आधीं ओळ, मग स्तंभ घेतें व ० पासून मोजतें. हें विसरल्यास साप आडवा जाण्याऐवजीं उभा धांवतो! आरंभीं ‘इनिटस्क्र’, अक्षरें लिहिल्यावर ‘रिफ्रेश’ व शेवटीं ‘एंडविन’ हींही विसरूं नयेत.

आतां सर्वांत महत्त्वाचें. दोष न काढतां कंपायलरचें तोंड बंद करण्याच्या आज्ञाही आहेत. आम्हींही एकदां घाईनें तसें केलें. भुयाराचा एक जुना खेळ सुरू झाला, नकाशा उमटला, आम्हीं टाळ्याही वाजविल्या. परंतु पहिला राक्षस जन्मतांच प्रोग्रॅम कोसळला. शोध केल्यावर कळलें कीं राक्षसाचा स्मृतींतील पत्ता देणारें फंक्शन दुसऱ्या फाइलींत होतें व त्याची घोषणा कोठेंच नव्हती. तेव्हां कंपायलरनें त्याचें उत्तर ३२ बिटांचा पूर्णांक मानिलें. आमच्या यंत्रावरील पत्ता ६४ बिटांचा, त्याचा अर्धा भाग वाटेंतच गळाला. जुन्या यंत्रांवर दोहोंची लांबी सारखी असल्यामुळें ही चूक कोणास कधीं दिसली नव्हती. ज्या सूचनेस आम्हीं त्रास समजलों तिनें नेमकी हीच ओळ दाखविली होती. एका ओळीची घोषणा लिहितांच राक्षस जन्मला, आणि आमचा वीर त्याच्याच हातून रीतसर मेला!

जुन्या संहितेप्रमाणें वाचावयास कंपायलरला सांगणें हें मात्र गैर नव्हे. रिकाम्या कंसांसाठीं व ‘बूल’साठीं सी-१७ ची आज्ञा देणें उचितच आहे. फरक इतकाच, कीं तेथें आपण ग्रंथकाराचा काळ ओळखतों. येथें आपण आपलें अज्ञान झांकतों.

तात्पर्य, दुसऱ्याचें जुनें लिखाण हातीं आलें तर तें मोडकें समजून टाकूं नये, आणि न समजतां बदलूंही नये. ग्रंथकारानें मनांत काय धरिलें होतें तें शोधावें व तेवढेंच लेखी करून द्यावें. बांध हालवूं नये. त्याची नोंद मात्र करावी.