दळणवळणाचा खेळ व प्रदेशाचा नकाशा
(इयत्ता चौथी व पाचवी : भूगोल)

भिंतीवरील नकाशात मुंबई व पुणे यांना जोडणारी लोहमार्गाची रेषा मुले बोटाने बिनचूक दाखवितात. परंतु ती वाकडी का, असे विचारल्यास पुष्कळदा उत्तर येत नाही. गाड्या चालविण्याचे व मार्ग बांधण्याचे खेळ आता संगणकावर खेळले जातात. तसाच खेळ वर्गाच्या जमिनीवरही मांडता येतो. मात्र त्याचा नकाशा खऱ्या प्रदेशास धरून असला, तरच त्यातून भूगोल शिकविला जाईल.

साहित्य : खडू, सुतळी, चिंचोके, रिकाम्या आगपेट्या. प्रमाण : १ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर.

१. भूमी. आरंभी गावे दाखवू नयेत. प्रथम समुद्रकिनारा, मग कोकणपट्टी, सह्याद्रीची रांग व पलीकडील पठार काढावे. उल्हास नदी पश्चिमेस व इंद्रायणी पूर्वेस वाहते. त्यावरून भूमीचा उतार मुलांकडूनच काढून घ्यावा.

२. गावे व माल. आता मुंबई, कल्याण, कर्जत, लोणावळा व पुणे मांडावीत. किनाऱ्यावर मीठ, मावळात भात, पठारावर ज्वारी असे चिंचोक्यांचे ढीग ठेवावेत. माल कोठून कोठे व का जाईल, हे मुलांनी सांगावे.

३. मार्ग. मुंबई ते पुणे सुतळी सरळ ताणावी. ती सुमारे १२० सेंटीमीटर भरेल. लोहमार्गाचे अंतर मात्र १९२ किलोमीटर आहे. उरलेली सुतळी कोठे खर्च झाली, हा या पाठाचा मुख्य प्रश्न होय. मार्ग कल्याणपर्यंत ईशान्येस जातो, तेथून कर्जतकडे वळतो व बोरघाट चढतो, हे मुलांनी सुतळी मांडून शोधावे.

४. खेळाचे नियम. आगपेटी ही गाडी. तीत चार चिंचोके मावतात. सपाटीवर एका डावात २० किलोमीटर, तर घाटात ४ किलोमीटर जावे. म्हणजे मुंबई ते कर्जत हे १०० किलोमीटर पाच डावांत, तर कर्जत ते लोणावळा हे २८ किलोमीटर सात डावांत संपतात. घाटात दोनच चिंचोके न्यावेत, अथवा मागे दुसरी आगपेटी इंजिन म्हणून लावावी. हा नियम काल्पनिक नव्हे. बोरघाटाचा चढ काही ठिकाणी ३७ स अंतराला १ इतका आहे, व जड गाड्यांना आजही जोड-इंजिने लावावी लागतात.

५. इतिहासाची जोड. लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीस पोहोचला व १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ मध्ये खुला झाला. तोपर्यंत उतारू पालखी, तट्टू व बैलगाडी यांनी घाट ओलांडीत. म्हणून पहिले काही डाव घाटातील सुतळी काढून खेळावेत व तेथे चिंचोके हाताने एकेक न्यावेत. नंतर सुतळी जोडावी. हा मार्ग बांधताना अनेक मजुरांचे प्राण गेले, हे त्या वेळी शिक्षकांनी शांतपणे सांगावे.

खेळ लवकर संपावा म्हणून घाट पुसण्याचा आग्रह एखादा गट धरील. शिक्षकांनी तो मानू नये. घाट पुसला की खेळ सोपा होतो, पण नकाशा खोटा ठरतो.

पुढील तासिकेस मुलांनी आपल्याच गावाचा ओढा, चढ, बाजार व रस्ता अशाच क्रमाने काढावा. "रस्ता येथूनच का गेला?" या प्रश्नास मूल सकारण उत्तर देऊ लागले, म्हणजे पाठ साधला असे समजावे.