दूरच्या गांवीं माल मागवितांना

ऑनलाइन मागविलेल्या मालाचें भाडें केवळ वजनावर ठरतें, हा समज चुकीचा आहे. अनेक कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन गुणाकारास ५,००० नीं भागतात. येणारे किलो प्रत्यक्ष वजनाहून अधिक भरल्यास त्यांवरच आकार घेतात. ५० × ४० × ३० सें.मी. मापाचें खोकें ५ किलोचें असलें तरी १२ किलोचें धरलें जातें. सबब मागविण्यापूर्वीं माप विचारावें.

दुसरी गोष्ट वेळेची. भामरागडासारख्या ठिकाणीं पर्लकोटेस पूर आला म्हणजे वाट बंद पडते व माल मागेंच अडतो. वाफसा मात्र कोणाची वाट पाहत नाहीं. यास्तव आमची शेतकरी बंधूंस सूचना अशी कीं, बियाणें व पंपाचे सुटे भाग चौघांनीं मिळून, एकाच भरगच्च खोक्यांत, मृगापूर्वींच मागवावे.