आजचे चिंतन : थंडी कोणी सोसायची? (गीता, अध्याय २, श्लोक १४)



आजचा श्लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. इंद्रियांचा बाहेरच्या गोष्टींशी संबंध आला की थंडी आणि ऊन, सुख आणि दुःख जाणवणारच. ते येतं, जातं, टिकत नाही. म्हणून अर्जुना, ते सोस. भगवंतांचं सांगणं एवढंच.

योग असा की कोजागिरी होऊन चार दिवस झालेत आणि आमच्या अंगणात बाजांवर रजया, गोधड्या, सासूबाईंच्या वेळची जुनी दुलई, सगळं उन्हात पडलंय. ऑक्टोबरचं हे ऊन नको वाटतं, पण कपाटात पावसाळाभर दमट झालेल्या कापसाला तेच लागतं. दुपारी एकदा उलटायचं, काठीनं झोडायचं, आणि ऊन उतरायच्या आत घरात घ्यायचं, नाहीतर दव बसतं. हे करता करता श्लोक वाचला आणि गेल्या पौषातली गोष्ट आठवली. लिहू की नको, असं दोनदा वाटलं. लिहिते.

मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारा आपला वर्धा जिल्हा. बाहेरच्यांना वाटतं, यांना कसला हिवाळा! पण डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० च्या खाली येतो, आणि गहू-हरभऱ्याचं ओलीत नेमकं त्याच दिवसांत असतं. मोटरपंपाची लाईन आमच्याकडे काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की आमचे सालदार भाऊ बॅटरी घेऊन शेतात जातात. पायाखाली चिखल, हातात पाणी, वरून थंडी. रानडुकरं वेगळीच.

गेल्या पौषात ते पहाटे परत आले आणि ओसरीवर बसले. चहाचा कप दिला तर बोटांना धरवेना, अर्धा चहा सांडला. त्याच आठवड्यात भजनी मंडळात मी याच श्लोकावर बोलले होते. सगळ्यांनी वाहवा केली होती. तर मी काय म्हणावं? ‘‘भाऊ, थंडी काय, येते अन् जाते. सहन करायचं.’’ ते हसले. ‘‘हव काकू, आमाले आदत हाये.’’

तिसऱ्या दिवशी ताप भरला. मग खोकला, छातीत कफ, दवाखाना. निमोनिया निघाला. बारा दिवस अंथरुणावर होते. मी डबा घेऊन गेले तेव्हा त्यांची बायको दारातच म्हणाली, ‘‘काकू, तुमच्या घरी चार रजया घडी करून ठेवल्या हायेत. म्या मोजल्या हायेत, दिवाळीत झाडझूड कराले आली तवा.’’ रागानं नाही म्हणाली. त्याचंच जास्त लागलं.

त्या रात्री श्लोक पुन्हा वाचला. भगवंत हे कोणाला सांगतायत? अर्जुनाला. कोणाच्या सुखदुःखाबद्दल? त्याच्या स्वतःच्या. शेजाऱ्याची थंडी अनित्य आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस, असं गीतेत कुठंही नाही. उलट सहाव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात म्हटलंय की जो स्वतःवरून दुसऱ्याचं सुख आणि दुःख ओळखतो, तो योगी सगळ्यात श्रेष्ठ. ‘आत्मौपम्य’ हा शब्द तिथलाच. मी मात्र माझ्या वाट्याचा श्लोक त्यांना दिला आणि त्यांच्या वाट्याची रजई माझ्या कपाटात ठेवली.

विनोबांनी गीताई लिहायला घेतली ७ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे, इथंच वर्ध्यात, आणि पूर्ण केली ६ फेब्रुवारी १९३१ ला. म्हणजे तो अख्खा हिवाळा त्यांचा त्यात गेला. गोपुरीच्या गीताई मंदिरात तर हे श्लोक शिळांवर कोरून उघड्यावरच उभे आहेत, वर छत नाही. त्या शिळांना थंडी-ऊन सोसायला सांगायची गरज नाही. माणसाचं तसं नसतं. असो.

तर यंदा तयारी दसऱ्यालाच सुरू केली. पूर्वी पिंजारी धनुकली खांद्यावर घेऊन दारात यायचा, तिचा टणटण आवाज गल्लीभर जायचा. आता मशीनवर पिंजून आणावं लागतं. रजईचा कापूस दोन-तीन वर्षांत दबून गोळे होतो. ऊब असते ती कापसाच्या मध्ये अडकलेल्या हवेत. गोळा झाला की हवा गेली, मग रजई नुसती जड. म्हणून दोन जुन्या पिंजायला दिल्या आणि एक नवी घरच्या कापसाची करतेय. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही केलं, त्या वेचणीतला थोडा कापूस बाजूला ठेवला, सरकी काढून आणली.

पण खरी अडचण इथंच कळली. मी भाऊंना म्हटलं, शेतावर एक रजई नेऊन ठेवा. ते म्हणाले, ‘‘काकू, ओलिताच्या कामात रजई काय कामाची? वली झाली का बर्फ.’’ बरोबरच होतं. कापूस भिजला की ऊब संपली. लोकर ओलसर झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. म्हणून बाजारातून घोंगडी आणली, आणि कृषी केंद्रातून गुडघ्यापर्यंतचे गमबूट, त्यांच्या मापाचे, त्यांना सोबत नेऊन. द्यायचं ते आपल्याला सोपं पडेल असं नाही, त्यांच्या कामाचं हवं, आणि ते कार्तिकात हातात पडायला हवं. पौषात ताप आल्यावर नाही. रजई त्यांच्या घरी गेली, लेकरांना.

शेतातल्या खोपडीची एक बाजू उघडी होती, ती तुराट्यांनी झाकून मातीनं लिंपून घेतली. गेल्या सालच्या पऱ्हाट्या कोरड्या राहाव्यात म्हणून ताडपत्रीखाली रचल्यात. इथं एक सांगते, कारण दर हिवाळ्यात असं काही ऐकू येतं: दार लावून आत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. शेकोटी बाहेरच बरी.

डिंकाचे लाडू आणि जवसाची चटणी दिवाळीनंतर. ती कृती सगळ्यांना येते.

ह्यांनी विचारलं, रात्रीच्या पाळीला एकट्या भाऊंनीच का जावं? यंदा आठवड्यातून एक पाळी ह्यांची ठरली आहे. वय एकसष्ट, गुडघे दुखतात, म्हणून मी आधी नको म्हटलं. मग गप्प बसले. गमबुटांचा दुसरा जोड उद्या आणायचा आहे. आणि नव्या रजईची खोळ अजून शिवायची राहिली आहे.

उद्या श्लोक १५.