पर्लला माल नेणाऱ्या भाच्याला

व्हिसावर हुद्दा काय लिहिलाय ते आधी बघ, पगाराचा आकडा नंतर. ‘हेवी ड्रायव्हर’ असेल तर पुढे जा. ‘लेबर’ लिहिलंय आणि एजंट म्हणतोय की तिकडे गेल्यावर बदलून मिळतं, तर पासपोर्ट परत माग आणि खेडची गाडी पकड. ‘हाऊस ड्रायव्हर’ असेल तर ते कामच वेगळं. घरच्या ड्रायव्हरला कतारमध्ये घरकामगारांचा २०१७ चा १५ क्रमांकाचा कायदा लागतो, कंपनीच्या ड्रायव्हरला २००४ चा १४ क्रमांकाचा कामगार कायदा. पुढे कधी भांडण झालं तर पहिला प्रश्न हाच येतो, की तू कागदोपत्री कोण? आणि ‘आझाद व्हिसा’, म्हणजे व्हिसा एकाच्या नावाचा आणि काम आपलं आपण दुसरीकडे शोधायचं, हे शब्द ज्याच्या तोंडून निघतील त्याच्याकडचा चहासुद्धा पिऊ नकोस. खेड, दापोली, मंडणगडच्या पट्ट्यात घरटी एक माणूस आखातात असतो, तरी या दोन शब्दांना पोरं अजून भुलतात, याचं मला नवल वाटतं.

तू दहावी पास नाहीस, म्हणजे तुझा पासपोर्ट ईसीआरचा, बाहेर कामाला जायला सरकारी मंजुरी लागणारा. सरकारच्या ई-मायग्रेटवर नोंद असलेल्या एजंटाकडूनच जा. त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. जास्त मागितले तर पावती माग, मग बघ कसा गप्प होतो. प्रवासी भारतीय विमा योजनेचं दहा लाखांचं कवच घेतल्याशिवाय निघू नको. मुंबईत २०१९ पासून कतारचं व्हिसा सेंटर आहे. मेडिकल, बोटांचे ठसे आणि कराराची सही, सगळं तिथेच होतं. करार समोर येईल तेव्हा मागच्या रांगेतली माणसं घाई करतील, त्यांना करू दे. एजंटानं सांगितलेला पगार आणि त्या करारातला पगार एकच आहे ना, एवढं बघितल्याशिवाय सही करायची नाही.

आता मोठ्या कंपनीचं. आपल्याकडचा गाडीमालक तुला ओळखतो, तुझ्या बापाला ओळखतो. कशेडी घाटात क्लच गेला तर आईबहिणीवरून शिव्या देईल, पण मेकॅनिक पाठवेल आणि जेवलास का विचारेल. शेकडो गाड्यांच्या कंपनीत तसं काही नसतं. तिथला डिस्पॅचर केरळचा असेल, फिलिपिन्सचा असेल. त्याच्या पडद्यावर तू एक ठिपका आणि एक गाडी नंबर. तो वाईट माणूस नसतो, त्याला तू दिसतच नाहीस. तुझा शब्द खरा की खोटा हे त्याला कळायला मार्ग नाही, त्याला फक्त कागद कळतो. म्हणून मालाइतकीच कागदाची काळजी घ्यायची.

काळजी म्हणजे काय, तर कंटेनर उचलताना सीलचा नंबर डिलिव्हरी नोटवरच्या नंबराशी जुळवायचा आणि दोन्हींचा फोटो काढायचा. ट्विस्टलॉक, म्हणजे कंटेनर ट्रेलरला धरून ठेवणारी कुलपं, चारही बाजूंनी स्वतः फिरून बघायची. गेटवर पोचल्याची वेळ लिहून घ्यायची, कारण तीन तास तुला बाहेर उभं ठेवलं तरी उशीर तुझ्याच नावावर चढतो. माल उतरल्यावर सही, नाव आणि शिक्का. नुसतं वेडंवाकडं गिरगटून दिलेली सही घेऊन निघायचं नाही. फ्रीजर गाडी असेल तर भरायच्या आधी पेटी गार करून घे, फ्रोझनला उणे १८, आणि दार लावतानाचा व उघडतानाचा आकडा कागदावर टाक. आमच्या कॅम्पातल्या एका बिहारी ड्रायव्हरची चिकनची गाडी हॉटेलानं परत पाठवली होती. माल गोदामातूनच नरम निघाला होता, पण त्याच्याकडे भरतानाचा आकडा नव्हता. पैसे त्याच्या पगारातून गेले.

तुला पर्लची ड्युटी मिळेल असं दिसतंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पर्ल हे दोह्याला लागून समुद्रात भर टाकून केलेलं बेट आहे, सुमारे ४० लाख चौरस मीटरचं. काम २००४ मध्ये सुरू झालं. पूर्वी त्या जागी मोती काढायला पाणबुडे उतरत, नाव त्यावरून. परदेशी माणसाला घर स्वतःच्या नावावर घेता येईल अशी कतारमधली ही पहिली जागा, त्यामुळे राहणारे नाना देशांचे आणि पैसेवाले. पोर्तो अरेबियात बोटींच्या धक्क्याभोवती टॉवर उभे आहेत, मदिना सेंत्रालमध्ये दुकानं, आणि कनात क्वार्टियर म्हणजे व्हेनिसची नक्कल, कालवे आणि छोटे पूल. त्या पुलांवर आपली गाडी जात नाही. दाराशी माल हवा असेल तर ट्रॉली आणि चालणं. सोफा, वॉशिंग मशीन, झुंबर, जे असेल ते. म्हणून कनातची डिलिव्हरी यादीत दिसली की हेल्पर किती देणार ते सकाळीच विचार, तिथे पोचल्यावर नव्हे.

चाळीस फुटी ट्रेलर घेऊन पर्लच्या आत जायची वेळ क्वचित येते. मोठा माल आधी सनैयात, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात, नाहीतर बिरकत अल अवामीरच्या गोदामात उतरतो आणि लहान गाड्यांतून पुढे जातो. लहान गाडी म्हणून निर्धास्त होऊ नको. टॉवरचे लोडिंग बे बहुतेक पोडियमच्या खाली असतात. छताला पाण्याचे पाइप आणि आगीचे स्प्रिंकलर. फ्रीजर गाडीचं युनिट केबिनच्या वर निघालेलं असतं, ते आपल्या लक्षात राहत नाही. गाडीची उंची मीटरमध्ये मोठ्या आकड्यांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटव. तळघराच्या तोंडाशी लिहिलेली उंची वाचल्याशिवाय एक वीतही पुढे घालू नको. आणि लक्षात ठेव, माल भरलेली गाडी खाली बसते, रिकामी वर येते. आत गेलेली गाडी बाहेर येताना अडकते ती यामुळेच.

रिव्हर्स घेताना तुला क्लीनरची आठवण येईल. आपल्याकडे मागून थाप मारून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा कोणीतरी असतोच. तिथे तू एकटा. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे आंधळी बाजूसुद्धा उलटी, उजवीकडची. दवारात, म्हणजे राउंडअबाउटमध्ये, डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुझं इथलं हेवी लायसन्स तिथे चालत नाही. ड्रायव्हिंग स्कूल आणि टेस्ट पुन्हा. तो खर्च कोणाचा हे निघायच्या आधी लेखी विचारून घे. पर्लमध्ये मागे घेताना प्रत्येक वेळी हॅंडब्रेक ओढायचा, खाली उतरायचं, मागे जाऊन बघायचं. कोणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे. मागे उभी असलेली गाडी तुझ्या साऱ्या आयुष्याच्या पगाराची असू शकते. लागलंच तर फोटो काढ, गाडी बाजूला घे आणि पोलीस रिपोर्ट करून घे. रिपोर्ट नसेल तर कुठलंही गॅरेज पत्र्याला हात लावत नाही. समोरचा साहेब म्हणेल ‘जाऊ दे, आपसात मिटवू’, तर सलाम करून नाही म्हण.

आणखी एक. टॉवरच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला नेपाळचा असेल नाहीतर केनियाचा. पगार तुझ्यापेक्षा कमी, पण त्या दारात त्याचा शब्द शेवटचा. सामान आत न्यायची परवानगी आली नसेल तर तो गाडी वळवणारच, त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो. त्याच्याशी वाद घालून दिवस घालवणारे ड्रायव्हर मी पुष्कळ पाहिले. फोन ऑफिसला लाव, आणि त्याला करक चहा पाज.

शहरात गर्दीच्या वेळी मोठ्या गाड्यांना बंदी असते, त्या वेळा बदलत राहतात, कंपनीकडून रोज विचार. हमद पोर्टहून उत्तरेला येताना अल मजद रस्ता धर, त्यावर ट्रकसाठी वेगळ्या लेन आहेत. सदा उजवी लेन, ओव्हरटेकचा मोह नको. लाल सिग्नल तोडला तर ६,००० रियाल. कतारमध्ये किमान मूळ पगार १,००० रियाल आहे, वर राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३००. म्हणजे एक पिवळा दिवा साधायला गेलास तर सहा महिन्यांचा मूळ पगार गेला. आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून दंड थकलेला असेल तर देशाबाहेर जाता येत नाही. रजेच्या तिकिटाच्या आदल्या रात्री मुखालफा, म्हणजे दंड, बघत बसू नकोस. सरकारी मेट्राश ॲपवर दर महिन्याला बघ.

उन्हाळ्याचा नियम तुझ्या कामाला असा लागतो: १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन, उघड्यावरचं काम बंद. केबिनमध्ये एसी आहे म्हणून तुझी गाडी चालू राहते, पण उतरवणारी माणसं नसतात. साईटवर सव्वादहाला पोचलास तर साडेतीनपर्यंत उभा राहा. पहाटेच निघ. टायरची हवा थंड असताना बघायची. तापलेल्या टायरची हवा जास्त वाटते म्हणून सोडली तर पुढे टायर फुटतो. ऑगस्टमध्ये समुद्राजवळ, म्हणजे पर्लमध्ये हमखास, काच बाहेरून धूसर होते. आतून पुसून उपयोग नाही. वायपर मार आणि एसीचा झोत काचेवरून काढ. पाण्यात मीठ-साखर घालून ठेव. लघवी पिवळी झाली की उशीर झाला समज.

पगाराचं माझं मत ऐक, पटलं तर घे. एका कंपनीत मूळ पगार १,८०० आणि ट्रिपचे धरून २,६००, दुसरीत मूळ १,१०० आणि ट्रिपचे धरून ३,००० असेल, तर मी पहिली घेईन. सेवा संपल्यावरची ग्रॅच्युइटी दर वर्षाला किमान तीन आठवड्यांची, आणि ती मूळ पगारावर मोजतात. ट्रिपचा पैसा वाऱ्यावरचा. ५ जून २०१७ ला सौदीनं कतारशी असलेली अबू समराची सीमा बंद केली. त्या रस्त्यानं कतारचं दूध, भाजी, सिमेंट येत होतं. एका दिवसात रस्ता संपला, माल ओमानच्या सोहार आणि सलालाहून जहाजानं हमद पोर्टला यायला लागला. बॉर्डरच्या फेऱ्या करणाऱ्या ड्रायव्हरांची ट्रिप गेली, पोर्टवाल्यांना झोपायला वेळ मिळेना. सीमा उघडली ती २०२१ च्या जानेवारीत. तेव्हा घराचा हप्ता ठरवताना ट्रिपचा पैसा धरायचाच नाही. बायकोलाही तो आकडा सांगू नकोस, हे मी गमतीनं म्हणत नाही.

तास लिहून ठेव. कायद्यानं आठवड्याला ४८, रमजानमध्ये ३६, त्यावर ओव्हरटाइम किमान सव्वापट. कंपनीची टाइमशीट असतेच, तुझी वही वेगळी हवी. पगार बँकेतच घे, रोख देतो म्हणाले तरी नको. बँकेतल्या नोंदीवर सरकारची नजर असते, आणि दोन महिने पगार आला नाही तर तोच पुरावा. पासपोर्ट कंपनीनं ठेवणं बेकायदा आहे. ‘सेफमध्ये ठेवतो’ म्हटलं तर तुझा तू सांभाळतोस म्हणून सांग. २०२० पासून नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही, फक्त ठरलेली नोटीस द्यावी लागते. तरी रागाच्या भरात, नोटीस न देता निघून गेलास तर फरारची तक्रार होऊ शकते, आणि मग सगळे कागद असूनही दारोदार फिरावं लागतं. अडलास तर आधी कामगार मंत्रालय, आणि आपल्या वकिलातीखालचं, अडलेल्या भारतीयांना मदत करणारं आयसीबीएफ. महाराष्ट्र मंडळही आहे, गणपतीला तरी जात जा, ओळखी होतात.

इथून निघताना कराराची, व्हिसाची आणि लायसन्सची एकेक प्रत आईकडे दे, आणि कंपनीचा दोहातला फोन नंबर घरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून जा.