ज्युलियाबाईंच्या घरातील दुसरी ज्युलिया

शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय १६



गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस आले, मागाहून सिंथिया फॅरारबाई आल्या. तेव्हापासून अमेरिकन नावे आपल्या मंडळ्यांना परकी राहिली नाहीत. परंतु फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबई बंदरात उतरलेल्या एका अमेरिकन बाईंची आठवण आज थोड्यांनाच असेल. त्या म्हणजे ज्युलिया ग्रँट. त्यांचे पती जनरल युलिसिस ग्रँट हे अमेरिकेच्या यादवी युद्धातील विजयी सेनापती व पुढे १८६९ ते १८७७ पर्यंत राष्ट्राध्यक्ष. जगप्रवासाला निघालेले हे जोडपे थोरला मुलगा फ्रेडरिक याच्यासह मलबार पॉइंटच्या सरकारी बंगल्यात उतरले व तेथून आगगाडीने उत्तर हिंदुस्थानात गेले.

ज्युलियाबाईंचा जन्म २६ जानेवारी १८२६ रोजी मिसूरी राज्यात सेंट लुईस शहराजवळ झाला. वडील फ्रेडरिक डेंट यांचा तेथे मोठा मळा होता व त्यावर गुलाम राबत. ग्रँटसाहेबांचे आईवडील मेथडिस्ट, गुलामगिरीच्या विरुद्ध. २२ ऑगस्ट १८४८ रोजी लग्न झाले, त्याला ते दोघे आलेच नाहीत.

या दांपत्याला फ्रेडरिक, युलिसिस, नेली व जेसी अशी चार मुले झाली. १८५४ साली ग्रँट यांनी सैन्यातील नोकरी सोडली आणि ओढगस्तीचे दिवस आले. सेंट लुईसच्या रस्त्यांवर सरपण विकून त्यांनी संसार चालविला. ज्युलियाबाईंनी ते दिवस पतीचा मान राखून काढले. युद्ध पेटल्यावर मुलांना घेऊन त्या छावणीतही पतीजवळ जाऊन राहात.

ज्युलियाबाईंच्या डोळ्यांत लहानपणापासून तिरळेपणा होता. पतीची कीर्ती वाढल्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी असे त्यांच्या मनात आले. ग्रँटसाहेबांनी सांगितले की, याच डोळ्यांवर माझे मन बसले, ते आहेत तसेच राहू देत. असे प्रेमाचे हे घर.

आता त्याच घरातील दुसरी बाजू पाहू. धाकट्या जेसीला सांभाळायला एक गुलाम स्त्री होती. तिचेही नाव ज्युलियाच. घरात तिला ज्यूल म्हणत. जनरलसाहेबांची फौज दक्षिणेत पुढे सरके तसे हजारो गुलाम मुक्त होत, आणि सेनापतीच्या बायकोबरोबर मात्र एक गुलाम दाई फिरे! लिंकन यांचा १८६३ चा जाहीरनामा बंडात सामील न झालेल्या राज्यांना लागू नव्हता. मिसूरीत गुलामगिरी जानेवारी १८६५ पर्यंत कायदेशीर होती. पुढे एकदा ज्युलियाबाई सेंट लुईसकडे प्रवास करीत असता ज्यूल वाटेतच निघून गेली. मिसूरीत परतलो तर स्वातंत्र्य गमावू, ही भीती तिला असावी, असे बाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तिच्या जाण्याचे त्यांना वाईट वाटले, कारण ती आवडती होती.

येथे थांबून विचार करावा. बाई निर्दय नव्हत्या. ज्यूलवर त्यांची माया होती. परंतु माया असणे निराळे आणि त्या माणसाला स्वतःचे आयुष्य आहे हे ओळखणे निराळे. ग्रँटसाहेबांनी स्वतः १८५९ साली, हाती पैसा नसताना, विल्यम जोन्स नावाच्या गुलामाला कोर्टात जाऊन मुक्त केले होते. त्याला विकले असते तर मोठी रक्कम मिळाली असती. म्हणजे त्याच कुटुंबात दुसरी वाट ठाऊक होती.

१८८४ साली कुटुंबाचा पैसा बुडाला. २३ जुलै १८८५ रोजी ग्रँटसाहेब घशाच्या कर्करोगाने वारले. वैधव्यात ज्युलियाबाईंनी आपल्या आठवणी लिहविल्या. वडिलांचे गुलाम सुखी होते असेच त्यांनी त्यांत म्हटले आहे. १४ डिसेंबर १९०२ रोजी त्या निवर्तल्या. पुस्तक मात्र १९७५ साली छापले गेले. ज्यूलने काही लिहून ठेवलेले नाही. तिची हकीकत मालकिणीच्या लेखणीतूनच आपल्याला मिळते.

आजच्या शास्त्रपाठात साराय मालकीण आहे व हागार दासी. साराय व अब्राम तिला नावाने न बोलावता दासी म्हणतात; रानातील झऱ्याजवळ परमेश्वराचा दूत मात्र तिला नावाने हाक मारतो. घरातल्यांना जी दिसली नाही ती देवाला दिसली.

गोकुळ रोडच्या आपल्या वसाहतींतही सकाळी कामाच्या बाया बसमधून उतरतात. आपण त्यांना चहा देतो, सणाला लुगडे देतो, "आमच्या घरचीच" म्हणतो. तिच्या मुलाची शाळा, तिचे दुखणे, तिची सुटी यांचा विचार आपण किती करतो? ती उद्या काम सोडून गेली तर आपल्याला वाईट वाटेल ते तिच्यासाठी की आपल्या अडचणीसाठी?

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न :

१. ग्रँटसाहेबांचे आईवडील लग्नाला का गेले नसावेत? त्यांनी केले ते योग्य होते काय?

२. ज्यूल निघून गेली हे चूक की बरोबर? कारणे सांगा.

३. आपल्या घरी काम करणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे काय? नसल्यास या आठवड्यात आदराने विचारून घ्या.